ये रे माझ्या मागल्या: कोटेड कॅपिलरीत धातूंचे पीक सरकत जातात तेव्हा

हे सगळं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल आहे: केसासारख्या बारीक काचनळीत, म्हणजे कॅपिलरीत, व्होल्टेज लावून आयन पळवायचे. प्रत्येक आयन आपापल्या वेगाने डिटेक्टरपुढून जातो आणि आलेखात त्याची जी खूण उमटते तिला पीक म्हणतात. आधी लक्षण सांगते. आतून पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं कोटिंग असलेली नवी कॅपिलरी लावली. पहिला आठवडा दृष्ट लागावी असा जातो: अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम, लिथियम असे सहा पीक ओळीने, बेसलाइन सरळ. दुसऱ्या आठवड्यात लिथियम थोडं लवकर यायला लागतं. तिसऱ्यात कॅल्शियमला शेपूट फुटतं. महिना संपत येतो तेव्हा अमोनियम आणि पोटॅशियम एकमेकांच्या अंगावर रेलून उभे असतात. मग नवी कॅपिलरी, नवा उत्साह, आणि महिन्याभराने ये रे माझ्या मागल्या.

आमच्याकडे अशा तीन कॅपिलऱ्या गेल्या. चौथी लावण्याआधी मी हट्टाने थांबले आणि जुन्या सगळ्या रनचे आकडे वहीत उतरवून काढले. कारण सापडलं ते त्या वहीतच.

आमची मांडणी अशी. कॅपिलरी ५० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची, एकूण ६० सेंमी, डिटेक्टरपर्यंत ५० सेंमी. व्होल्टेज २५ किलोव्होल्ट. बफरमध्ये १० मिलिमोलर इमिडॅझोल, ६.५ मिलिमोलर हायड्रॉक्सी-आयसोब्युटिरिक आम्ल, २ मिलिमोलर १८-क्राउन-६, आणि गंधकाम्लाने पीएच ४.५. हे आयन अतिनील प्रकाश शोषत नाहीत, म्हणून इमिडॅझोलला शोषू द्यायचं आणि आयन आले की २१४ नॅनोमीटरला पडणारा खड्डा मोजायचा. क्राउन ईथर पोटॅशियमला मिठी मारून मागे खेचतं. ते नसेल तर अमोनियम आणि पोटॅशियम वेगळे होणारच नाहीत, दोघांची मोबिलिटी, म्हणजे व्होल्टेजखाली चालण्याचा वेग, जवळजवळ सारखी आहे. नमुने विहिरींच्या पाण्याचे. आपल्याकडच्या काळ्या कातळातलं पाणी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि खतांमुळे अमोनियमकडेही लक्ष ठेवावं लागतं.

यात कोटिंगचं काम काय? साध्या काचेच्या, म्हणजे फ्यूज्ड सिलिकाच्या भिंतीवर सिलॅनॉल गट असतात. पीएच वाढला की ते ऋणभारित होतात आणि व्होल्टेज लावताच आतलं सगळं द्रव कॅथोडकडे वाहू लागतं. हाच ईओएफ, म्हणजे इलेक्ट्रो-ऑस्मॉटिक फ्लो. साधारण पीएच ३ ते ८ या पट्ट्यात तो भराभर बदलतो, आणि कॅपिलरीला आधी आम्ल दाखवलं होतं की अल्कली, यावरही बदलतो. शिवाय लोह, शिसं, अ‍ॅल्युमिनियम असले आयन भिंतीला चिकटतात. स्टेलान येर्तेन यांनी १९८५ साली भिंतीला पॉलिअ‍ॅक्रिलामाइड रासायनिक बंधाने जोडून ईओएफ जवळजवळ शून्यावर आणला. तेव्हापासून ही वाट रुळली आहे. ईओएफ नसला की प्रत्येक आयन स्वतःच्या पायांनी चालतो, म्हणून वेळ थोडा जास्त लागतो पण पीक सुटे होतात. कोटिंग झिजलं की ईओएफ मागच्या दाराने परत येतो.

इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणूनच पीक सरकला की सगळे एका सुरात म्हणतात, "कोटिंग गेलं." माझं म्हणणं एवढंच आहे की हे म्हणण्याआधी दोन मिनिटं कागदावर गणित करा. सरकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची खूण निराळी असते.

मोबिलिटीचं गणित सोपं आहे. एकूण लांबी गुणिले डिटेक्टरपर्यंतची लांबी, भागिले व्होल्टेज गुणिले वेळ. आमच्या मांडणीत हे ०.१२ भागिले सेकंद इतकं होतं. उत्तर चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदमध्ये, त्याला दहा हजारांनी गुणून मी पुढे नुसता आकडा लिहिते.

नवी कॅपिलरी: अमोनियम १६८ सेकंदांना, म्हणजे ७.१४. लिथियम ३३३ सेकंदांना, म्हणजे ३.६०.

चौथ्या आठवड्यात: अमोनियम १५७ सेकंदांना, ७.६४. लिथियम २९३ सेकंदांना, ४.१०.

वेळेकडे पाहिलं तर अमोनियम साडेसहा टक्के लवकर आला, लिथियम बारा टक्के. दोघांचं काहीतरी वेगवेगळं बिघडलंय असं वाटतं. मोबिलिटीकडे पाहा: दोघांतही नेमकी ०.५०ची भर. वाहत्या पाण्यात पोहणाऱ्या दोघांना प्रवाह सारखाच पुढे ढकलतो, हळू पोहणाऱ्याला तो जास्त जाणवतो, एवढंच. सगळ्या आयनांत सारखी बेरीज झाली असेल तर प्रवाह आलाय.

तापमानाची खूण वेगळी. मे महिन्यात एका दुपारी एसी बंद पडला तेव्हा अमोनियम १५९ला आणि लिथियम ३१५ला आलं. दोन्ही वेळा साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी. मोबिलिटीत एकाला ०.४१ची भर, दुसऱ्याला ०.२१ची. ही बेरीज नव्हे, गुणाकार. पाण्याची चिकटाई दर अंशाला दोनेक टक्क्यांनी घटते, त्या हिशेबाने आत अडीच-तीन अंश वाढले होते. त्या दिवशी करंटही तितकाच वाढलेला दिसला. कोटिंग फाटल्यावर करंट जागचा हलत नाही. म्हणून प्रत्येक रनचा करंट लिहून ठेवायची सवय लावा, यंत्र तो नोंदवतंच, आपणच बघत नाही.

तिसरा प्रकार, एखादाच आयन हलतो. नुसता पोटॅशियम पुढे आला आणि अमोनियमला चिकटला, तर क्राउन ईथर कमी पडलंय किंवा घालायलाच विसरलंय. कॅल्शियम-मॅग्नेशियम हलले आणि सोडियम-लिथियम जागच्या जागी असतील, तर हायड्रॉक्सी-आयसोब्युटिरिक आम्लाचं प्रमाण किंवा पीएच चुकलाय. यात कॅपिलरीचा काहीही दोष नाही. मी स्वतः एक चांगली कॅपिलरी या कारणासाठी काढून टाकली होती, ते आठवलं की अजून हळहळ वाटते.

तर आमची खूण बेरजेची होती. म्हणजे ईओएफ. पण कोटिंग महिन्याभरात का मरावं?

मी लिथियमच्या मोबिलिटीचा आलेख काढला, आडव्या अक्षावर रनचा क्रमांक. झीज असेल तर हळूहळू चढणारी रेघ दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसला तो जिना. दिवसभरातले आठ-दहा रन सपाट, मग एक पायरी, पुन्हा सपाट. प्रत्येक पायरी सकाळच्या पहिल्या रनला. नमुन्यातलं काहीतरी कोटिंग खात असतं तर चढ दिवसा दिसला असता. जे काही होत होतं ते रात्री होत होतं, आणि रात्री यंत्राजवळ कोणी नसतं.

यंत्रावर काम करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी तर काहीच बदललेलं नाही." ते खरं होतं, आणि गोम त्यातच होती. संध्याकाळी यंत्र बंद करताना चालणारा प्रोग्राम साध्या कॅपिलरीच्या काळातला होता: ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दोन मिनिटं, पाणी एक मिनिट, बंद. कोटेड कॅपिलरी आल्यावर दिवसाची पद्धत नवी लिहिली गेली, संध्याकाळची तशीच राहिली.

हिशेब करून पाहा. एक बार दाबाने आमच्या कॅपिलरीतून पाणी साधारण पाऊण मिनिटात आरपार जातं. दोन मिनिटं म्हणजे अडीच कॅपिलरीभर कॉस्टिक, म्हणजे तेच सोडियम हायड्रॉक्साइड. नंतरचं एक मिनिट पाणी म्हणजे जेमतेम सव्वा कॅपिलरीभर, आणि अरुंद नळीत मधलं द्रव जोरात पळतं, भिंतीलगतचं रेंगाळतं. म्हणजे भिंतीपाशी उरलेलं कॉस्टिक रात्रभर तसंच बसून. अल्कली दोन ठिकाणी चावते. कोटिंग ज्या सिलॉक्सेन बंधाने काचेला धरून असतं तो बंध तुटतो, आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे अमाइड गट हळूहळू कार्बोक्सिलेट होतात. हे दुसरं जास्त वाईट, कारण तेव्हा कोटिंग जागेवर असतं पण स्वतःच ऋणभारित झालेलं असतं. ईओएफ तर आणतंच, वर कॅल्शियमला धरूनही ठेवतं. आमच्या कॅल्शियमचं शेपूट तिथून फुटलं होतं.

उपाय लिहायला एक ओळ पुरते: संध्याकाळच्या प्रोग्राममधून कॉस्टिक काढलं, पाच मिनिटं पाणी ठेवलं, दोन्ही टोकं पाण्याच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटल्यांत, बुडवून ठेवली. कोटिंग कोरडं पडू देऊ नये असं आमच्या कॅपिलरीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं होतं. तुमचा कागद वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. आणि कॉस्टिकची व्हायल यंत्राच्या ट्रेमधूनच उचलून दूर ठेवा. प्रोग्राम दुरुस्त केला तरी कोणीतरी जुना प्रोग्राम चालवतोच.

धुवायला मग काय वापरायचं? पाणी आणि बफर, बहुतेक वेळा एवढं पुरतं. गढूळ, लोहाच्या नमुन्यांनंतर भिंतीवर लोहाचा थर बसला असं वाटलं तर धातूंना बांधून घेणारं १० मिलिमोलर ईडीटीए एक-दोन मिनिटं, मग पाणी सढळ हाताने. ईडीटीए आत राहिला तर पुढच्या रनमध्ये कॅल्शियम गायब होईल आणि तुम्ही नवा बिघाड शोधत बसाल.

बेरजेच्या खुणेला एक तोतयाही आहे, तो सांगायला हवा. दोन्ही टोकांच्या व्हायलमध्ये द्रवाची पातळी सारखी नसेल तर सायफनने प्रवाह सुरू होतो, आणि तोही सगळ्यांना सारखाच ढकलतो. ५० मायक्रोमीटरमध्ये एक सेंमी फरकाने लिथियमच्या वेळेत एक टक्क्याच्या आत फरक पडतो, सोडून द्या. पण ७५ मायक्रोमीटरची कॅपिलरी असेल तर तोच फरक दोन टक्क्यांच्या घरात जातो, कारण वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. साध्या कॅपिलरीत ईओएफच्या लोंढ्यात हे कळतच नाही, कोटेडमध्ये उघडं पडतं. ओळखायचं कसं? व्होल्टेज निम्मं करून एक रन घ्या. ईओएफ व्होल्टेजबरोबर निम्मा होतो, म्हणून मोबिलिटीतली बेरीज तितकीच राहते. सायफनला व्होल्टेजशी देणंघेणं नाही, त्यामुळे त्याची बेरीज दुप्पट दिसते.

ईओएफ थेट मोजायचा तर अ‍ॅसिटोन टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही. चांगल्या कोटिंगमध्ये तो बाहेर येणारच नाही, आणि लोक तासभर बेसलाइन बघत बसतात. विल्यम्स आणि विग यांनी १९९६ साली दिलेली युक्ती वापरा. मार्कर, म्हणजे भार नसलेला पण डिटेक्टरला दिसणारा पदार्थ, घाला, दाबाने थोडा पुढे सरकवा. दुसरा मार्कर घाला, तितकाच सरकवा. आता दोन मिनिटं व्होल्टेज द्या आणि बंद करा. तिसरा मार्कर घाला, तितकाच सरकवा, आणि मग तिन्ही दाबाने डिटेक्टरपुढून काढा. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर हे नुसतं दाबाचं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर जेवढं जास्त, तेवढा ईओएफ. ०.१ इतका बारीक ईओएफसुद्धा दोन मिनिटांत अर्धा सेंमी सरकवतो, तो स्पष्ट दिसतो. मी आता नवी कॅपिलरी लावली की पहिल्या दिवशी हा आकडा वहीत लिहिते, म्हणजे पुढे भांडायला पुरावा असतो.

खिडकीचं थोडक्यात सांगते. डिटेक्टरचा प्रकाश आरपार जावा म्हणून कॅपिलरीवरचं पॉलिइमाइडचं बाहेरचं आवरण काढताना सवयीने काडी किंवा लायटर लावला की आतलं कोटिंगही तिथल्या तिथे जळतं. मग पहिल्याच रनपासून पीक बसके येतात, आणि तेही नेमके डिटेक्टरच्या तोंडाशी बिघडतात. कोटिंग करण्याआधीच खिडकी पाडलेली कॅपिलरी घ्या. नाहीतर धारदार पात्याने हलक्या हाताने खरवडा किंवा गरम संहत गंधकाम्लाच्या थेंबाने काढा, चष्मा-हातमोजे घालून. स्पर्शरहित वाहकता डिटेक्टर असेल तर खिडकीच लागत नाही, आणि हा त्याचा मोठा फायदा आहे. मात्र बफर बदलावा लागतो. २० मिलिमोलर एमईएस-हिस्टिडीन, पीएच सहाच्या आसपास, हा तिथला नेहमीचा.

शेपटांबद्दल मात्र घाई करू नका. अमोनियमचा पीक पुढे झुकलेला आणि लिथियमचा मागे ओढलेला, हे नव्या कोऱ्या कॅपिलरीतही दिसणार. इमिडॅझोलपेक्षा वेगवान आयन पुढच्या बाजूला पसरतात, हळू आयन मागच्या. त्यात भिंतीचा संबंध नाही. सोडियम आणि कॅल्शियम इमिडॅझोलच्या वेगाच्या जवळपास चालतात, त्यामुळे ते समसमान दिसायला हवेत. साक्षीदार म्हणून त्यांना धरा. सोडियम सरळ आणि कॅल्शियम शेपटाळ असेल तर भिंतीवर ऋणभार आहे. शंका राहिली तर नमुना दहापट पातळ करा. वेगातल्या फरकाचं शेपूट आखडतं, भिंतीचं शेपूट उलट जास्त ठळक होतं.

आता नमुन्याचा आणि बफरचा दोष. विहिरीचे नमुने बहुतेकदा आधीच नायट्रिक आम्ल घालून येतात, कारण तेच पाणी आयसीपीवरही, म्हणजे धातू मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रावरही, जाणार असतं. हजारात एक भाग संहत आम्ल घातलं तरी ते सुमारे १६ मिलिमोलर होतं, म्हणजे आपल्या १० मिलिमोलर इमिडॅझोलहून जास्त. असा नमुना घातला की पीक रुंद, दुभंगलेले, जागा हललेली, आणि दोष कोटिंगवर. आम्ल न घातलेली वेगळी बाटली मागा, पॉलिप्रॉपिलीनची, आणि खारट पाणी असेल तर वीसपट पातळ करा.

कोऱ्या पाण्यातही पोटॅशियमचा पीक दिसतोय? पीएच इलेक्ट्रोड बफरच्या बाटलीत बुडवला होता का ते विचारा. इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं. थोडा बफर वेगळ्या बीकरमध्ये काढून मोजायचा आणि तो फेकायचा. अमोनियम दिसत असेल तर जवळपास अमोनियाची बाटली उघडी आहे का बघा.

बफर बदलायचा कंटाळा सगळ्यांना. ९ मायक्रोअ‍ॅम्पिअर करंट सहा मिनिटं गेला की अ‍ॅनोडच्या व्हायलमध्ये सुमारे ३४ नॅनोमोल हायड्रोजन आयन तयार होतात. दीड मिलिलिटरमध्ये ते २२ मायक्रोमोलर. पीएच ४.५ला मुळात असतात ३२. हायड्रॉक्सी-आयसोब्युटिरिक आम्ल हा फटका झेलतं, म्हणून आमच्या बफरमध्ये दहा रननंतर जेमतेम ०.१चा फरक पडतो. पण ते न घालता नुसतं इमिडॅझोल आणि गंधकाम्ल वापरलंत, तर एकाच रनमध्ये पीएच ४.२५च्या आसपास येतो, कारण इमिडॅझोलचा बफर सातच्या जवळ चालतो, साडेचारला नाही. आम्ही आठ रनला दोन्ही व्हायल बदलतो.

शेवटचा घोळ आमच्याकडे एकदाच झाला, पण पूर्ण दिवस खाऊन गेला. कपाटात एक कॅपिलरी होती, तिच्यावर चिकटपट्टीवर एकच शब्द, "कोटेड". लावली. अमोनियम सात मिनिटांनी कसाबसा आला, सोडियमचा पत्ता नाही, लिथियमचा प्रश्नच नाही. व्होल्टेज वाढवलं, दिवा तपासला, नमुना पुन्हा बनवला. संध्याकाळी कोणाला तरी आठवलं की ती पॉलिब्रीनची होती, धनभारित. तिच्यात ईओएफ उलटा, अ‍ॅनोडकडे, आणि जोराचा, मोबिलिटीच्या आकड्यात साडेचारच्या आसपास. ३.६चं लिथियम त्या प्रवाहाविरुद्ध पोहून डिटेक्टरपर्यंत येणं शक्यच नव्हतं, ते आल्या वाटेने व्हायलमध्ये परत गेलं.

ती कॅपिलरी वाईट नाही, तिचं काम निराळं आहे. तांबं, निकेल, लोह यांना ईडीटीएमध्ये बांधलं की ऋणभारित संकुलं होतात, ती थेट अतिनील शोषतात. ध्रुव उलटे करून घातली की प्रवाहाबरोबर झरझर येतात. पॉलिब्रीन चार्जच्या ओढीनेच भिंतीला बसलेलं असल्यामुळे ते हळूहळू सुटतं, पण दर काही रननंतर नवा थर चढवता येतो.

म्हणून आमच्या त्या तीन मेलेल्या कॅपिलऱ्याही मी फेकल्या नाहीत. रासायनिक बंधाचं कोटिंग एकदा अर्धवट गेलं की प्रयोगशाळेत ते डागडुजी होऊन येत नाही. मग अर्धवट तरी कशाला ठेवायचं? १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड तासभर सोडून उरलंसुरलं काढलं, पाणी, त्यावर पॉलिब्रीन. दोन चालल्या, तिसरीच्या खिडकीपाशी ती लावताना तडा गेला. दोघींवर आता चिकटपट्टीवर लिहिलंय: पॉलिब्रीन, ईओएफ उलटा, फक्त ईडीटीए संकुलं, कॉस्टिक चालेल.